चेंडू पायात नसताना

(सरांच्या स्मृतिदिनानिमित्त पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, छपाईसाठी थोडा आवरून.)



संयोजकांचा फोन आला, विषय काय छापायचा म्हणून. मी म्हटलं, ‘आराता इझुमी’. पलीकडे जरा शांतता पसरली आणि मग अत्यंत अदबीनं प्रश्न आला, ‘जपानी लेखक का हो?’ मला राग आला नाही. हे पुणं आहे. इथं दर चौथ्या इमारतीत कुणीतरी जपानीची परीक्षा देत असतं, तेव्हा जपानी नाव कानावर पडलं की लेखकच आठवणार. पण ज्या माणसानं याच शहराच्या फुटबॉल क्लबकडून पाच वर्षं घाम गाळला, त्याचं नाव इथंच समजावून सांगावं लागतं, तिथूनच सुरुवात करावी असं मी ठरवलं.

सरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याबद्दल भाषण करणं त्यांना आवडलं नसतं, म्हणून एकच आठवण सांगतो. शाळेच्या मैदानावर संघ निवडायचा असला की आम्ही सगळे चेंडूमागे पळून कसब दाखवायचो. सर पाठमोरे उभे राहिल्यासारखे दिसायचे आणि चेंडूपासून लांब असलेल्या पोरांकडे बघत असायचे. एकदा मी चिडून विचारलं, ‘सर, मी दोन गोल मारले, माझं नाव का नाही?’ ते म्हणाले, ‘गोल मी पाहिले. बाकीचा अर्धा तास तू कमरेवर हात ठेवून उभा होतास, तोही पाहिला.’ पुढं आयुष्यभर फुटबॉल बघताना ही सवय मला लागली. चेंडू नसलेल्याकडे बघायचं.

मधल्या फळीतला खेळाडू नव्वद मिनिटांत दहा-अकरा किलोमीटर धावतो. त्यातला चेंडू त्याच्या पायाशी असतो तो सगळा वेळ एकत्र केला, तर दोन-तीन मिनिटांच्या आसपास भरतो. म्हणजे उरलेली सत्त्याऐंशी मिनिटं तो करतो काय? मोकळी जागा शोधतो, दुसऱ्याची जागा भरतो, समोरच्याच्या पासची वाट अडवतो, आणि जो पास आपल्याला मिळणारच नाही त्यासाठीही धावून बचावाला खेचून नेतो. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी यातलं काही येत नाही. मी वर्तमानपत्रात काम केलं आहे. सामन्याच्या बातमीला आठ ओळी मिळायच्या आणि त्यात गोल मारणाऱ्यांची नावं जेमतेम बसायची.

आराता हा असा खेळाडू. जन्म 31 जुलै 1982, जपानमधल्या शिमोनोसेकीचा. सिंहगड रस्त्यावर आपलं पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, पुणे-ओकायामा मैत्रीचं? त्या ओकायामापासून समुद्राच्या कडेकडेनं पश्चिमेला जात राहिलं की होन्शू बेट जिथं संपतं, तिथं शिमोनोसेकी लागतं. पलीकडे चिंचोळी कान्मोन सामुद्रधुनी, तिच्यापल्याड क्यूशू. बंदराचं गाव. फुगू नावाच्या विषारी माशासाठी प्रसिद्ध, जो कापायला परवाना असलेलाच आचारी लागतो. वडील गुजराती, आई जपानी. जपानीत अशा मुलांना ‘हाफू’ म्हणतात, इंग्रजी ‘हाफ’वरून. शब्द तसा शिवीचा नाही, पण ‘अर्धा’ म्हणून हाक ऐकत मोठं होणं म्हणजे काय, ते ज्यानं ऐकलं त्यालाच ठाऊक. आपल्याकडेही घरात एक भाषा नि दारात दुसरी बोलणाऱ्या पोराला ‘मूळचा कुठला रे तू?’ हा प्रश्न चुकत नाहीच. त्याच्या नावाकडे मात्र पाहा. ‘आराता’ म्हणजे नवा, ‘इझुमी’ म्हणजे झरा. आणि भारतीय कागदपत्रांवर त्याचं नाव नीलकंठ खंभोळजा. नव्या झऱ्याचा नीलकंठ व्हायचा म्हणजे किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात, ती कथा पुढं येईल.

तो वाढला त्या काळात जपानमध्ये फुटबॉलला नुकतंच भरतं आलं होतं. जे-लीग 1993 साली सुरू झाली, तेव्हा हा दहा वर्षांचा. त्या पिढीतल्या हजारो पोरांनी व्यावसायिक होण्याचं स्वप्न पाहिलं आणि अर्थातच बहुतेकांना दार उघडलं नाही. मग मधल्या वाटा असतात. अल्बिरेक्स निगाता या जपानी क्लबनं सिंगापूरच्या लीगमध्ये आपला एक संघ उतरवला होता, जपानी पोरांचाच. आराता तिथं खेळला. आणि 2006 साली तिथून थेट कलकत्त्याला, ईस्ट बंगालमध्ये.

वडिलांच्या देशात पहिल्यांदा पोटापाण्यासाठी पाऊल ठेवायचं आणि तेही ईस्ट बंगालच्या गॅलरीसमोर! फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी ज्या क्लबला आपलं हरवलेलं गाव मानलं, तो हा क्लब. गमतीचा भाग असा की तिथं तो ‘परदेशी’ म्हणून आला. बापाच्या देशात परदेशी, आईच्या देशात हाफू.

पुढच्याच वर्षी तो मुंबईला आला, महिंद्र युनायटेडमध्ये. इथल्या तरुण मंडळींना हे नाव कदाचित माहीत नसेल. 1962 साली कंपनीचा क्लब म्हणून सुरू झालेला हा संघ. लाल जर्सी, टोपणनाव ‘जीपमेन’, मैदान कुलाब्याचं कूपरेज. 2005-06 साली त्यांनी राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली होती. बंगाल आणि गोव्याच्या मक्तेदारीत मुंबईनं मारलेली ती मोठी मुसंडी. गोव्याचे डेरिक परेरा त्या काळात या संघाचे प्रशिक्षक होते, पुढं पुण्यालाही आले. आराता 2009 पर्यंत महिंद्रकडून खेळला आणि मग पुणे एफसीत दाखल झाला. वर्षभरात, 2010 मध्ये, महिंद्र युनायटेड कंपनीनं बंद केला. हे वर्ष लक्षात ठेवा. अशी वर्षं आणखी येणार आहेत.

आता बालेवाडी. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं ते संकुल तुम्ही सगळ्यांनी हायवेवरून जाताना पाहिलं असेल, आत किती जण गेलात हा वेगळा प्रश्न. पुणे एफसी 2007 साली स्थापन झाला, 2009 मध्ये आय-लीगमध्ये चढला, आणि पहिल्याच हंगामात तिसरा आला. मी सामन्यांना जात असे. डेक्कनवरून बस, मग उन्हातून चालत स्टेडियमपर्यंत. हजारोंच्या गॅलरीत आम्ही काहीशे माणसं, त्यातही निम्मी सावलीच्या बाजूला दाटीनं बसलेली. चहावाला आम्हाला चेहऱ्यानं ओळखायचा.

बालेवाडीची एक अडचण सगळे सांगतात, की मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावपट्टी आहे. खेळाडू लांब, बारके दिसतात. कूपरेजला कसं, खेळाडूचा श्वाससुद्धा ऐकू येतो. खरंच आहे. पण लांबून एक फायदा होतो. चेहरे दिसत नाहीत, आकृती दिसते. कोण जागेवर आहे, कोण जागा सोडून गेला आणि त्याची जागा भरायला कोण धावलं, हे पटावरच्या सोंगट्यांसारखं उलगडतं. एका दुपारी मी ठरवून पूर्वार्धभर फक्त आराताकडे पाहिलं. शेजारचे गृहस्थ गोल झाल्यावर उठून टाळ्या वाजवत होते आणि मला कोपरानं ढोसत होते, मी मात्र वहीत रेघा ओढत बसलो होतो. चेंडू येण्याआधी तो मान वळवून मागं पाही. आपला पास चुकला की हात उडवून तक्रार न करता, ज्याच्याकडे चेंडू गेला त्याच्याच मागं धावत सुटे. आणि आपल्या संघाची चढाई मोडली की माघारी धावणाऱ्यांत तो पहिल्या दोघांत असे. पंचेचाळीस मिनिटांत माझ्या वहीचं पान रेघांनी भरलं आणि त्यातल्या मोजून तीन रेघांना चेंडू लागला होता.

हे सगळं एका परदेशी खेळाडूनं करावं याला त्या काळी एक अर्थ होता. आय-लीगमध्ये क्लबला चार परदेशी घेता येत, त्यातला एक आशियाई असावा लागे. चार जागा म्हणजे चार सोन्याच्या विटा. क्लब त्या कुठं खर्च करत? पुढं, गोल मारायला. ओडाफा ओकोली, रँटी मार्टिन्स हे नायजेरियन त्या जमान्याचे राजे. हंगामाला गोलांची रास घालायचे. किंवा मग मागं, धिप्पाड बचावपटू म्हणून. धावून धावून दुसऱ्याची कामं करणाऱ्या माणसावर परदेशी जागा खर्च करणं म्हणजे लग्नाच्या जेवणावळीत वाढप्याला सर्वांत जास्त पैसे देणं. पण जेवणावळ कुणामुळे पार पडते हे यजमानाला कळत असतं, आणि पुण्याच्या प्रशिक्षकांनाही ते कळलं. 2012-13 च्या हंगामात पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसरा आला, चर्चिल ब्रदर्सच्या मागं. पुढं जेम्स मोगा आणि जेजे लालपेखलुआ. त्यांची नावं बातमीत आली. आणि हो, आठ ओळींची ती बातमी लिहिणाऱ्यांत मीही होतो.

याच सुमाराला आरातानं ते केलं, ज्यासाठी मी हा विषय निवडला. त्यानं जपानी नागरिकत्व सोडलं आणि भारताचं घेतलं.

इथं कायदा थोडा समजून घेऊ, कारण सगळी मेख त्यात आहे. परदेशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं जातं. राज्यघटनेचं नववं कलम आणि 1955 चा नागरिकत्व कायदा दोन्हीकडे तेच. जपानचा कायदाही तसाच, दुसरीकडचा स्वीकार केलात की इकडचा दावा संपला. दोन्ही घरं म्हणतात, एकाच घरात जेव. मध्यंतरी भारतानं ओसीआय कार्ड आणलं, पण ते राहण्या-कमावण्याच्या सोयीचं. त्यावर मत देता येत नाही. खेळाचं तर 2008 मध्ये सरकारनं ठरवूनच टाकलं, की देशाकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच हवा. त्याची झळ आधी टेनिसला लागली. विजय अमृतराज यांचा मुलगा प्रकाश अमेरिकी पासपोर्टवर भारताकडून डेव्हिस चषक खेळत होता, तो थांबला. फुटबॉलमध्ये मायकल चोप्रा, न्यूकॅसलचा, वडील भारतीय. भारताकडून खेळायची इच्छा त्यानं बोलून दाखवली होती, पण ब्रिटिश पासपोर्टचा मोह, मोह कशाला म्हणू, हिशेब, सुटला नाही. मी त्याला दोष देत नाही. ज्या पासपोर्टावर अर्धं जग व्हिसाशिवाय उघडतं, तो काउंटरवर परत ठेवून यायचा म्हणजे खायचं काम नाही.

जपानी पासपोर्ट तर जगातल्या सर्वांत ताकदवान पासपोर्टांपैकी एक. लाल मुखपृष्ठ, त्यावर सोनेरी शेवंतीचं फूल. तो देऊन आपला निळा घ्यायचा. आणि कशासाठी? तिशीतल्या फुटबॉलपटूकडे खेळायची किती वर्षं उरलेली असतात? तीन, फार तर पाच. जाहिराती मिळणार नव्हत्या. विश्वचषकाची तर बातच सोडा. हिशेबाच्या वहीत ही नोंद कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्याच्या मनात काय होतं हे मी सांगणार नाही, कारण ते त्याचं त्याला ठाऊक. एक व्यावहारिक परिणाम तेवढा सांगतो. तो भारतीय झाला आणि क्लबची एक परदेशी जागा मोकळी झाली. इथंही त्यानं दुसऱ्यासाठीच जागा करून दिली!

6 फेब्रुवारी 2013, कोची. पॅलेस्टाईनविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना. नेदरलँड्सचे विम कुवरमन्स भारताचे प्रशिक्षक. आराता भारताच्या निळ्या जर्सीत उतरला, वयाची तिशी ओलांडल्यावर. भारत 4-2 हरला. परदेशी नागरिकत्व सोडून भारताकडून फुटबॉल खेळलेला अलीकडच्या काळातला हा पहिला माणूस. त्याचे आंतरराष्ट्रीय सामने पुढं दोन आकड्यांपर्यंतही पोहोचले नाहीत. कुणी म्हणेल, एवढ्यासाठी एवढं? मीही तेव्हा असंच काहीतरी पुटपुटलो होतो.

थोडं विषयांतर करतो, पण सर असते तर त्यांनी मुभा दिली असती, कारण हा त्यांचा आवडता खेळाडू. जाँ तिगाना. 1955 साली बामाकोला जन्मला. तेव्हा तो मुलूख फ्रेंच सुदान म्हणून ओळखला जाई, आज माली. वडील मालीचे, आई फ्रेंच. तीन वर्षांचा असताना कुटुंब मार्सेला आलं. पोरानं शेवयांसारख्या स्पॅगेटीच्या कारखान्यात काम केलं, पोस्टमन म्हणून पत्रं वाटली, आणि तूलाँच्या संघातून वर चढत बोर्दोपर्यंत पोहोचला. फ्रान्सकडून 52 सामने, गोल फक्त एक. आणि तरी 1984 च्या बालाँ द'ऑरच्या मतदानात तो प्लातिनीच्या मागोमाग दुसरा होता! कारण युरोपनं त्या वर्षी 23 जून पाहिला होता. युरो स्पर्धेची उपांत्य फेरी, फ्रान्स विरुद्ध पोर्तुगाल, गाव मार्से, जिथं तो वाढला तेच. त्या दिवशी त्याचा एकोणतिसावा वाढदिवस. जादा वेळही संपत आलेली, 2-2 बरोबरी. दोन तास धावून सगळ्यांचे पाय लाकडाचे झालेले आणि हा काटकुळा माणूस उजवीकडून चेंडू घेऊन असा सुटला, जणू सामना आत्ताच सुरू झालाय. गोलरेषेजवळ पोहोचून त्यानं मागं पास दिला. प्लातिनीनं गोल मारला. चार दिवसांनी फ्रान्स युरोपचा विजेता झाला. सरांकडे त्या सामन्याची कुठून तरी मिळवलेली व्हिडिओ कॅसेट होती, आणि ते ती धाव थांबवून थांबवून आम्हाला दाखवायचे. प्लातिनीच्या गोलापर्यंत कॅसेट जाऊच द्यायचे नाहीत.

तिगाना आणि आराता यांची बरोबरी खेळात लावायची नाही, ते हास्यास्पद होईल. पण दोघांच्या वाटेतला फरक मला सारखा दिसतो. तिगाना वाढला तिथं मार्सेची गल्ली होती, तूलाँचा क्लब होता, बोर्दोचा क्लब होता. माणूस एका पायरीवरून दुसरीवर गेला तरी आधीची पायरी जागेवर होती. तूलाँ आजही आहे, बोर्दोही आहे, पडत-झडत का होईना. आराताच्या पायऱ्यांचं काय झालं?

महिंद्र युनायटेड, बंद 2010. पुणे एफसी, ज्या क्लबसाठी तो परदेशीचा भारतीय झाला, तो 2014-15 च्या हंगामानंतर आवरला. इंडियन सुपर लीग आली, 2015 च्या जुलैत मुंबईत दहा भारतीय खेळाडूंचा लिलाव झाला. सुनील छेत्रीला एक कोटी वीस लाख मिळाले, आणि त्याच दहांत असलेल्या आराताला कलकत्त्यानं घेतलं. नऊ वर्षांनी पुन्हा कलकत्ता, या वेळी भारतीय म्हणून. 2016 मध्ये तो परत आपल्याकडे, एफसी पुणे सिटीत. तोही क्लब 2019 साली गुंडाळला गेला, त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. याशिवाय भारत एफसी एकाच हंगामापुरता, डीएसके शिवाजियन्स दोन हंगामांपुरते, आणि मुंबई एफसी. सहा क्लब, दहा वर्षं. साताऱ्या-सांगलीकडे बंद पडलेल्या साखर कारखान्यांची अशी यादी मी ऐकली आहे, पण तिथं निदान शेतकरी मोर्चा काढतात. इथं एक क्लब बंद झाला तेव्हा आम्ही काहीशे माणसांनी एकमेकांना मेसेज पाठवले आणि पुढच्या रविवारी दुसऱ्याच कुठल्या देशाची लीग टीव्हीवर बघत बसलो. यात मी आलो.

मालकांना शिव्या घालणं सोपं आहे. त्यांना तोटा होत होता आणि तो त्यांनी काही वर्षं सोसला, हे नोंदवायलाच हवं. माझी तक्रार आपल्याशी आहे. क्लब म्हणजे कंपनीची एक वही, फायदा नसेल तेव्हा मिटायची, असं आपण मान्य करून टाकलं. कोल्हापुरात बघा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. तालमीचे संघ आहेत, फारसे पैसे नाहीत, भांडणं भरपूर, पण शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठा ओस पडतात. तालीम बंद करायची म्हटली तर कुणाची टाप आहे? तिथं संघ लोकांचा आहे. आणि पुण्यात, जिथं गणपती मंडळाच्या देखाव्यासाठी गल्लीगल्लीत वर्गणी गोळा होते, तिथं फुटबॉल क्लबला वर्गणीदार मिळाला नाही. मिळाला नाही, की आपण कधी मागितलाच नाही?

एका माणसानं या मातीसाठी पासपोर्ट बदलला. आपण त्याचा पत्तासुद्धा टिकवू शकलो नाही.

मध्ये बारा वर्षं गेली. 2025 साली रायन विल्यम्स यानं ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. पर्थचा मुलगा, इंग्लंडमध्ये पोर्ट्समथकडून खेळलेला, मग बेंगळुरू एफसीत आलेला. त्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली, आणि आजोबा 1956 मध्ये संतोष चषकात मुंबईकडून खेळले होते. बातम्यांत ओळ आली, ‘आराता इझुमीनंतर असं करणारा’. तेवढ्या एका ओळीपुरतं हे नाव पुन्हा छापून आलं. मी ते कात्रण काढून ठेवलं आहे. भाषण संपल्यावर कुणाला बघायचं असेल तर दाखवीन.

आराताचं खेळणं यथावकाश थांबलं. शेवटाकडे तो केरळा ब्लास्टर्सकडे होता. मग तो रिलायन्स फाउंडेशनच्या यंग चॅम्प्स अकादमीत प्रशिक्षक झाला, नवी मुंबईत. म्हणजे ज्या राज्यात त्याचे क्लब एकामागून एक बंद पडले, त्याच राज्यात तो पोरांना शिकवायला उभा राहिला.

संयोजकांनी मला शेवटी प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवायला सांगितलं आहे. त्याआधी एक विनंती. सरांच्या नावानं दरवर्षी हे व्याख्यान होतं, हार येतात, चहा होतो. पुढच्या वर्षी व्याख्यान नको. त्या खर्चात शाळेच्या मैदानावर आठ संघांची एक स्पर्धा भरवा. चषक सर्वाधिक गोल मारणाऱ्याला देऊ नका. तीन जुन्या खेळाडूंना वही-पेन्सिल देऊन गॅलरीत बसवा आणि चेंडूपासून लांब असलेल्या पोरांकडे बघायला सांगा. पहिली वर्गणी माझी, पाचशे एक रुपये. पाकीट अध्यक्षांकडे देऊन ठेवलं आहे.